२३.६ अंशांचा थांबा

मामा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर पेरणी यंत्राचं एक युनिट मी माऊसनं धरून वर-खाली करत होते. वर जाऊन थांबायचं, खाली येऊन थांबायचं. त्यांनी ते दोन-तीनदा पाहिलं आणि विचारलं, "माय, हे खाली कुठं थांबतंय?"

"२३.६ अंशांवर."

"ते नाई विचारलं. कशाला टेकून थांबतंय?"

"लिमिट दिलंय मामा. त्याच्या पुढं जात नाही ते."

त्यांनी मान हलवली आणि ते गॅस कटरकडे परत गेले. त्यांचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चूक होतं. हे कळायला मला तीन आठवडे लागले, आणि डांबरी रस्त्यावर चार फण घासले गेले.

आमचं वर्कशॉप लातूरच्या एमआयडीसीत आहे. ट्रॉल्या, वखर, पेरणी यंत्रं, रोटाव्हेटरची दुरुस्ती असं काम चालतं. डिप्लोमा झाल्यावर मी तीन वर्षं वाळूजला एका कंपनीत डिझाइनला होते, तिथं सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरवर, म्हणजे कंप्युटरवर यंत्राचे भाग काढून जोडून बघायच्या सॉफ्टवेअरवर, फिक्स्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारी साधनं) काढायचे. घरच्या कारणानं परत यावं लागलं तेव्हा मामा म्हणाले, बस इथंच, टेबल देतो. टेबल दिलं, एक जुना कंप्युटरही दिला. सॉलिडवर्क्सचं लायसन्स आमच्या आवाक्यातलं नव्हतं आणि चोरीचं सॉफ्टवेअर टाकायचं नाही हे माझं ठरलेलं होतं. म्हणून फ्रीकॅड हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. २००२ पासून लोक ते घडवत आलेत, कुणालाही फुकट वापरता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि सुटे भाग जोडून हलवून बघायचा असेंब्ली विभाग पहिल्यांदाच त्यात आतूनच मिळाला. त्याआधी तो बाहेरून घ्यावा लागायचा, तेही तीन-चार वेगवेगळे, एकात जोडलेलं दुसऱ्यात चालायचं नाही.

मामांना सोयाबीनसाठी चार ओळींचं यंत्र करायचं होतं, ओळीत ४५ सेंमी अंतर. यंत्रं बाजारात भरपूर आहेत. पण आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत एक तक्रार सारखी असायची: एका ओळीत बी खोल, दुसऱ्या ओळीत उघडं. सोयाबीन तीन ते पाच सेंमीच्या आतच पडायला हवं. त्याहून खोल गेलं आणि वरून पावसानं माती चोपली की कोंब वर येत नाही, दुबार पेरणी करावी लागते. औशाकडच्या काळ्या रानात उन्हाळी नांगरटीची ढेकळं पाटीएवढी असतात, कुळवून, मोगडूनही सगळी फुटत नाहीत. चारही फण एकाच लोखंडी दांडीला घट्ट बांधलेले असतील तर एक फण ढेकळावर चढला की दांडी उचलली जाते आणि बाकीचे तीनही उथळ चालतात. तिफणीच्या काळात हे काम हातानं व्हायचं. रुमण्यावर हात ठेवून मागं चालणारा माणूस जमीन कठीण लागली की दाबायचा, भुसभुशीत लागली की उचलून धरायचा. ट्रॅक्टरमागं तो हात नाही. म्हणून प्रत्येक युनिटला स्वतःपुरतं वर-खाली व्हायची सोय हवी.

ती सोय म्हणजे समांतर दांड्यांची जोडी. मुख्य फ्रेमला एक कंस, त्याला वर-खाली दोन पिना, दोन्ही पिनांवर ३०० मिमीच्या एकसारख्या दांड्या, आणि त्या दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला फणाचं युनिट. दोन्ही दांड्या सारख्या लांबीच्या आणि समांतर असल्यामुळं युनिट कितीही वर-खाली झालं तरी वाकडं होत नाही, फणाचा मातीत शिरायचा कोन तोच राहतो. एकाच दांडीवर लटकवलं असतं तर वर जाताना फणाचं नाक खाली झुकलं असतं.

मला ढेकळावरून जायला १०० मिमी वर आणि सरीच्या खोलगटात उतरायला १२० मिमी खाली अशी चाल हवी होती. ३०० मिमीच्या दांडीला १०० मिमी वर म्हणजे आडव्यापासून १९.५ अंश आणि १२० मिमी खाली म्हणजे २३.६ अंश. तो २३.६ हा आकडा इथून आला. आकडा चुकीचा नव्हता.

कॅडमध्ये नव्यानं जोडणी करणाऱ्याला पहिल्यांदा एक गोष्ट अंगवळणी पाडून घ्यावी लागते: तिथं कुठलाच भाग आपण होऊन काही धरून ठेवत नाही. नट-बोल्टचं चित्र हुबेहूब असतं, पण बोल्ट भोकातून आरपार जातो आणि दांडी फ्रेममधून. सुट्या भागाला सहा प्रकारची मोकळीक असते, तीन दिशांना सरकायची आणि तीन अक्षांभोवती फिरायची. आपण जोड देत जातो तशी ती कमी होते. पिनेचा जोड, ज्याला फ्रीकॅडमध्ये रिव्हॉल्यूट म्हणतात, सहांतल्या पाच काढून घेतो आणि एक फिरणं ठेवतो. स्लायडर तसाच पाच काढतो, सरकणं ठेवतो. सिलिंड्रिकल चार काढतो, त्याच अक्षावर फिरणं आणि सरकणं दोन्ही राहतं. गोळीचा जोड फक्त तीन काढतो. आणि सगळ्यांत आधी एक भाग जागेवर ठोकून ठेवायचा असतो, आमच्या बाबतीत फ्रेम. ते विसरलं तर माऊसनं फण ओढला की अख्खं यंत्र पडद्यावर भरकटतं.

मी पहिल्यांदा चारही पिनांना रिव्हॉल्यूट दिला, कुणीही देईल तसा. मग हिशोब केला. फ्रेम सोडून तीन भाग, त्यांच्या मोकळिकी अठरा. चार पिना प्रत्येकी पाच खाणार, म्हणजे वीस. अठरातून वीस गेले तर उणे दोन, म्हणजे ही जोडणी हलायलाच नको. तरी हलते, कारण चारही पिनांचे अक्ष समांतर आहेत आणि वीस बंधनांतली तीन आधीचंच परत सांगतात. सॉल्व्हर, म्हणजे जोडांचं गणित सोडवणारा भाग, असली जास्तीची बंधनं खपवून घेतो, पण एका बुशची (पिनेभोवती बसणाऱ्या नळीची) रुंदी चित्रात अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की अडून बसतो. माझं तसंच झालं आणि अर्धा दिवस गेला. शेवटी दोन पिना रिव्हॉल्यूट ठेवल्या, एक सिलिंड्रिकल केली, एक गोळीची. पाच, पाच, चार, तीन, बेरीज सतरा. अठरातून सतरा गेले, एक उरली. युनिट वर-खाली होणं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मामा बुश बसवत होते. पिनेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी वॉशरपुरती जागा सोडली होती आणि बुशमध्येही थोडी ढिलाई होती. मी विचारलं तर म्हणाले, "सगळ्या घट्ट केल्या तर जाम होतंय." मी जे पडद्यावर जोड बदलून केलं ते ते गेली तीस वर्षं वॉशरनं करत आलेत. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपण दोघं एकच काम करतोय हे तेव्हा दिसलं.

आता मर्यादेकडे येते. मर्यादा दिलेल्या नव्हत्या तोवर युनिट माऊसनं ओढलं की खाली जायचं, आणखी खाली जायचं, दांड्या उभ्या व्हायच्या, आणि त्या उभ्या रेषेत आल्या की पुढच्या क्षणी अख्खी जोडी कैचीसारखी एकमेकींत अडकायची. वरची दांडी एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, युनिट उलटं. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. सगळ्या दांड्या एका रेषेत आल्या की समांतर राहायचं की फुली करायची हे गणितालाही ठरवता येत नाही, दोन्ही उत्तरं बरोबर असतात. त्या रेषेपर्यंत जाऊच द्यायचं नाही हाच त्यावर उपाय, आणि मर्यादेचा पडद्यावरचा खरा उपयोग तो आहे.

फ्रीकॅडमध्ये जोडाच्या खिडकीत खाली मर्यादांचा भाग असतो. रिव्हॉल्यूट असेल तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त कोन, स्लायडर असेल तर लांबी, सिलिंड्रिकल असेल तर दोन्ही. समोरच्या चौकोनात खूण केल्याशिवाय आकडा लागू होत नाही. मी उणे २३.६ आणि १९.५ टाकले आणि युनिट उडी मारून उभं राहिलं. आकडे बरोबर, शून्य चुकीचं. प्रत्येक जोडाच्या दोन्ही भागांवर तीन रंगांच्या रेघांची एक छोटी खूण बसते, आणि कोन मोजला जातो तो एका खुणेच्या लाल रेघेपासून दुसरीच्या लाल रेघेपर्यंत. भोकाची कड निवडताना ती लाल रेघ कुठं वळेल ते आपल्या मनाजोगतं असेलच असं नाही. माझ्या दांडीवर ती आडवी होती, कंसावर उभी. तिला नव्वद अंश फिरवलं, दांडी आडवी असताना शून्य येईल असं केलं, मग आकडे आपल्या जागी बसले. तेव्हापासून मी मर्यादा टाकण्याआधी दोन्ही लाल रेघा कुठं बघतायत ते बघते, मगच कीबोर्डला हात लावते.

वाळूजला सॉलिडवर्क्समध्ये याच जागी वेगळा त्रास व्हायचा. तिथली लिमिट मेट, म्हणजे मर्यादा दिलेला जोड, शून्य ओलांडताना कधीकधी बाजू पलटायची, उणे दहाचं अधिक दहा व्हायचं. त्यावर आम्ही एक जास्तीची पातळी आखून तिच्यापासून कोन मोजायचो. उणे वीस ते अधिक वीस म्हणण्याऐवजी सत्तर ते एकशे दहा. मधे शून्य येतच नाही, पलटायला जागा राहत नाही. ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर आहे त्यांनी हे जरूर करावं.

दुसरी चूक मी उत्साहानं केली. चारही पिनांना मर्यादा दिल्या, पक्कं व्हावं म्हणून. युनिट जागचं हललंच नाही. पुढच्या पिनेला जो कोन अधिक असतो तो मागच्या पिनेला उणे असतो, आणि चार ठिकाणी चार आकडे दिले की त्यातले दोन एकमेकांशी भांडतात. हलायची मोकळीक एकच उरली असेल तर मर्यादाही एकाच जोडाला लागते. मी ती खालच्या दांडीच्या पुढच्या पिनेला ठेवली, बाकीच्या काढल्या. चार युनिटांच्या चार उपजोडण्या केल्या तेव्हा त्या रिजिड, म्हणजे एकसंध घट्ट, न ठेवता मोकळ्या ठेवाव्या लागल्या, नाहीतर प्रत्येक युनिट फ्रेमला थिजल्यासारखं राहतं आणि मर्यादा आहे की नाही हेच कळत नाही.

एवढं झाल्यावर ते पडद्यावर खरंच देखणं चालायला लागलं. मामांनी प्रश्न विचारला तो याच दिवशी.

मग मी ड्रॉइंग काढली. दांडी, कंस, पिन, बुश, युनिटची पाटी, प्रत्येकाची वेगळी. भोकांची अंतरं, जाडी, वेल्डिंगच्या खुणा. छापून कटिंगवाल्यांना दिली. आता मागे वळून बघताना मला जे दिसतं ते तेव्हा दिसायला हवं होतं: त्या साऱ्या कागदांवर २३.६ हा आकडा कुठंच नव्हता. दांडीच्या ड्रॉइंगवर तो येणारच नाही, दांडी ही दोन भोकांची पट्टी. कंसावरही येणार नाही. तो आकडा दोन भागांच्या मधे राहतो, आणि मधलं काहीच कापलं जात नाही, वेल्ड होत नाही, गोदामातून येत नाही. तो फक्त माझ्या फाईलमध्ये होता.

चाचणी औशाजवळच्या एका शेतावर घेतली, उन्हाळ्यात, कोरड्या नांगरटीत. शेतकरी काका मामांचे जुने गिऱ्हाईक, त्यांनीच ट्रॅक्टर दिला. पेरताना यंत्र फार चांगलं चाललं. एक युनिट ढेकळावर चढायचं, बाकीची तिन्ही आपापल्या खोलीत राहायची. काका ओळीमागं बसून बोटानं माती उकरून बी बघत होते, साडेतीन, चार, चार, साडेतीन सेंमी. बांधाला वळताना यंत्र उचलणारी ट्रॅक्टरची लिफ्ट वर गेली तेव्हा युनिटं जास्तच लोंबतायत असं मला वाटलं होतं, पण मी ओळींकडं बघत होते आणि ओळी चांगल्या होत्या.

परतताना अंधार पडत आला होता. ट्रॅक्टर पुढं, मी आणि मामा मोटारसायकलवर मागं. औसा-लातूर रस्त्यावर एका उंचवट्यावरून ट्रॅक्टर गेला आणि फणांखाली ठिणग्या उडाल्या. मामांनी हॉर्न दाबून धरला, पण ट्रॅक्टरच्या आवाजात तो कुठं ऐकू जातोय. आम्ही ओलांडून पुढं जाऊन हात करेपर्यंत आणखी अर्धा किलोमीटर गेला असेल.

मोबाईलच्या उजेडात बघितलं. चारही फणांची टोकं घासून तिरकी झाली होती, हात लावला तर चटका बसत होता. बियाण्याची पेटी आमच्या यंत्रात फ्रेमवर आहे, तिथून प्रत्येक फणाला वळ्यावळ्यांची प्लास्टिकची नळी उतरते. दोन नळ्या पेटीच्या बुडातून उपसून निघाल्या होत्या. रस्त्यावर मागं पाहिलं तर सोयाबीनची एक सरळ ओळ डांबरावर पडलेली, कुणी पेरल्यासारखी. काका खाली बसून ते बी गोळा करायला लागले. "राहू द्या काका," मी म्हणाले. ते म्हणाले, "बी हाय बाई ते," आणि गोळा करत राहिले. मीही बसले.

घरी आल्यावर मी कोनमापक घेऊन दांडी मोजली. ६५ अंश. २३.६ वर थांबायला सांगितलेली दांडी ६५ अंशांपर्यंत खाली गेली होती, आणि तिथंही थांबली ती फ्रेमच्या चॅनलची कड आडवी आली म्हणून. हिशोब सोपा होता. लिफ्ट पूर्ण वर असताना फ्रेमची दांडी जमिनीपासून ८५० मिमी. युनिट आडवं असताना फण फ्रेमच्या ५५० मिमी खाली. २३.६ अंशांवर थांबलं असतं तर त्यातून आणखी १२० जाऊन रस्ता आणि फण यात १८० मिमी राहिले असते. ६५ अंशांवर दांडी २७२ मिमी खाली जाते, म्हणजे उरले २८ मिमी. एवढ्यात ट्रॅक्टरच्या टायरला एक हिसका पुरतो. पेरताना हे कळलं नाही कारण पेरताना जमीनच युनिटाला धरून होती. वर्कशॉपमध्येही ते घोडीवर ठेवलेलं असायचं.

मामांनी मला एका शब्दानंही बोललं नाही. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी कंसाजवळ खडूनं एक छोटी रेघ मारली आणि म्हणाले, "इथं कायतरी लागतंय. तू सांग काय लावायचं."

मी तीन पर्याय मांडले. एक, कंसाच्या पाटीत वक्र खाच कापून तिच्यात दांडीची खुंटी फिरवायची, खाचेची दोन टोकं म्हणजे दोन थांबे. दिसायला सुबक, पण काळी माती ओली झाली की खाच भरून जाम होईल आणि घासल्यावर बदलता येणार नाही. दोन, साखळी. स्वस्त, पण ती फक्त खालचा थांबा देते, आणि हिसक्यानं ताणली जाते. तीन, दांडीखाली कंसाला एक आडवा तुकडा वेल्ड करून त्यात एम१६ चा, म्हणजे १६ मिमी व्यासाचा, बोल्ट उभा, वर तो आपोआप फिरू नये म्हणून आवळलेला चेकनट, दांडी येऊन बोल्टच्या डोक्यावर टेकेल. बोल्ट फिरवून थांबा कमी-जास्त करता येतो. तिसरा घेतला.

बोल्ट पिनेपासून किती लांब ठेवायचा यावर आम्ही दोघं बराच वेळ बसलो, आणि मला या सगळ्या कामातला तो भाग सर्वांत आवडतो. मी जागा सोयीची म्हणून ७५ मिमी म्हणाले होते. युनिट ३६ किलोचं. ते ३०० मिमीवर लटकतं आणि बोल्ट ७५ वर, म्हणजे भार चौपटीच्या जवळ जातो. दांडी २३.६ अंशांवर तिरकी असल्यानं थोडा कमी भरतो, तरी १३० किलोच्या वर. हे नुसतं टेकलेलं असताना. रस्त्यावर आदळताना त्याच्या कितीतरी पट. शिवाय बोल्ट एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर फणाला चार मिलिमीटरचा फरक. मामा म्हणाले लांब ने. १५० वर नेला तर भार ६६ किलोवर येतो, एका मिलिमीटरचे दोनच होतात. वेल्डच्या मुळाशी येणारा वाकवणारा जोर तोच राहतो, म्हणून तुकडा १० मिमी जाडीचा घेतला आणि खाली एक तिकोनी टेकू दिला. वरच्या बाजूला, ढेकळावर चढल्यावर दांडी जिथं थांबायला हवी तिथं, जुन्या टायरचा तुकडा बसवला. तिथं लोखंडाला लोखंड आपटलं असतं तर दिवसभर ठणठणाट झाला असता आणि पिना लवकर खलास झाल्या असत्या.

मग मी फाईल उघडली आणि पिनेवरची मर्यादा पुसून टाकली. आधी कंसाचा तुकडा रेखाटला, बोल्ट रेखाटला, टायरचा तुकडा रेखाटला. आता दांडी पुन्हा मोकळी होती आणि बोल्टमधून आरपार जात होती. सॉलिडवर्क्समध्ये भाग ओढताना टक्कर झाली की थांबवायची सोय आहे. फ्रीकॅडमध्ये मी दुसरा मार्ग वापरला. दांडी आणि बोल्ट यांचा कॉमन घ्यायचा, म्हणजे दोघांनी मिळून व्यापलेली जागा वेगळी घनाकृती म्हणून काढायची. भाग एकमेकांत शिरले नसतील तर काहीच निघत नाही. शिरले असतील तर त्या जागेचा एक पातळ कापा हातात येतो. दांडी एकेक अंश खाली नेत गेले. २२ वर काही नाही, २३ वर काही नाही, २४ वर पापुद्र्यासारखा एक कापा. मग दशांशात. बोल्ट दोन-तीनदा वर-खाली करून तो २३.६ लाच टेकेल अशी उंची काढली, आणि तेव्हाच तो आकडा पुन्हा मर्यादेच्या चौकोनात लिहिला. आकडा अक्षरशः तोच. पण आता तो कुठून आला हे बोट ठेवून दाखवता येत होतं.

एम१६ ला एका फेऱ्याला दोन मिमी. बोल्ट पिनेपासून १५० वर आणि फण ३०० वर, म्हणजे बोल्टचा एक फेरा फणाला चार मिमी. हे मी यंत्राबरोबर द्यायच्या कागदावर लिहिलं, कारण शेतकऱ्याला अंश नको असतात, फेरे हवे असतात.

बी किती खोल पडायचं ते ठरवणाऱ्या चाकालाही तेच केलं. ते एका नळीत दुसरी नळी सरकून वर-खाली होतं, वर एम२० चा आटे पाडलेला दांडा. मॉडेलमध्ये मी स्लायडरला शून्य ते २० मिमी अशी मर्यादा देऊन मोकळी झाले होते, ३० ते ५० मिमी खोलीसाठी. लोखंडात मात्र दांडा फिरवत राहिलं तर चाक पार सुटून हातात आलं असतं. तिथंही आता वर कॉलर आणि खाली आडवी पिन आहे. एम२० ला फेऱ्याला अडीच मिमी, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फेरे, नववा फिरतच नाही.

आणि जोडणीच्या ड्रॉइंगवर आता युनिट तीनदा काढते. मधल्या जागी ठसठशीत रेघेनं, आणि वरच्या व खालच्या टोकाला बारीक साखळी रेघेनं, लांब तुकडा आणि दोन छोटे. हलत्या भागाच्या टोकाच्या स्थिती अशा दाखवतात हे डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी हातानं काढून घेतलं होतं आमच्याकडून. त्या दोन भुतासारख्या आकृत्यांजवळ बाण काढून लिहिते: खाली बोल्टवर टेकतं, वर टायरवर. फाईलमध्येही प्रत्येक मर्यादा असलेल्या जोडाचं नाव बदलते. 'रिव्हॉल्यूट ००३' ऐवजी 'खालची पिन, थांबा एम१६ बोल्ट'. नाव लिहिताना बोल्टचं नाव सुचलं नाही तर तिथं बोल्ट नाही, हे आपोआप कळतं. मार्करच्या, म्हणजे पुढच्या फेरीसाठी जमिनीवर खूण आखणाऱ्या, दांडीला असंच नाव सुचेना, तेव्हा तिथं काहीच नव्हतं हे उघड झालं, आणि ती अजून कापलीही गेली नव्हती.

मृग लागल्यावर चांगला पाऊस झाला, काकांनी आधी हाताएवढी ओल मोजली आणि मगच पेरलं. त्यांचं स्वतःचं आणि भावाचं मिळून चौदा एकर. यंत्र द्यायच्या आधी मामांनी चारही बोल्टांवर आणि चेकनटांवर मिळून पिवळ्या रंगाची एकेक सरळ रेघ ओढली होती, नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. पेरणी संपल्यावर मी बघायला गेले. तीन युनिटांच्या रेघा अखंड होत्या, चिखल पुसल्यावर लख्ख दिसल्या. तिसऱ्याची तुटली होती, पाव फेऱ्यानं. पाव फेरा म्हणजे बोल्टला अर्धा मिमी, फणाला एक मिमी. पेरणीला त्यानं काही फरक पडत नाही, पण चौदा एकरांत पाव फेरा तर पुढच्या हंगामात किती. मी तिथंच बांधावर बसून मामांना फोन लावला. ते म्हणाले, दोन नट लाव. मी म्हणतेय की त्याच बोल्टला आत नायलॉनची कडी असलेला नट घेऊ या. सध्या तिसऱ्या युनिटला दोन नट लावलेत आणि चौथ्याला नायलॉन. रब्बीचा हरभरा पेरून झाला की पुन्हा रेघा बघणार आहे.